शनिवारची कॉन्फरन्स

आमच्या कॉलेजात शनिवारी दुपारी मी मराठीचा एक जादा तास घेतो. जादा तास म्हणजे काय असते हे ज्यांनी तो घेतला आहे किंवा चुकवला आहे त्यांना समजावून सांगायला नको. हा तास बुडवण्यासाठी मुलांनी माझ्यापुढे आजवर जी कारणे मांडली त्यांचा एक छोटेखानी संग्रह सहज निघेल. आजीचे दुखणे, मामाचे लग्न, गाड्यांचा गोंधळ ही त्यातली नेहमीची मंडळी. पण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाला असलेल्या वसईकडच्या एका मुलाने जे कारण पुढे केले ते माझ्या संग्रहात नव्हते.

"सर, आज कॉन्फरन्सला जायचं आहे."

मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. कॉन्फरन्स हा शब्द कानावर पडला की आम्हा प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. गळ्यात अडकवायचा बिल्ला, कापडी पिशवी, समईच्या वाती पेटेनात म्हणून लांबलेले उद्घाटन आणि जेवणाचे कूपन. या पोराला तिथे कोणी बोलावले असेल?

"कसली रे कॉन्फरन्स?"

"व्हिन्सेंट डी पॉलची, सर. आमच्या चर्चची."

"किती जण जमता?"

"सात. परीक्षा जवळ आली की चार."

"आणि करता काय?"

"दोन-दोन जण ठरलेल्या घरी जातो. तांदूळ, साखर, कधी औषधं द्यायची असतात. मग चर्चच्या मागच्या खोलीत बसून बोलतो."

"मग तिला कॉन्फरन्स कशाला म्हणता? मंडळ म्हणा, मदत-समिती म्हणा."

पोरगा घोटाळला. "पहिल्यापासून तसंच म्हणतात, सर," एवढेच म्हणाला.

त्याला मी सोडून दिले, पण "पहिल्यापासून तसंच म्हणतात" हे उत्तर भाषेच्या मास्तराला सुखाने झोपू देत नाही. शब्द कुठून आला, वाटेत त्याने कपडे कुठे बदलले, हे पाहण्याची आम्हाला खोडच असते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. चर्चच्या कारभाराची माझी माहिती शेजाऱ्याच्या नाताळच्या फराळापलीकडे फारशी गेलेली नव्हती. तरी या एका शब्दाचा पदर धरून मी निघालो तो थेट १८३३ सालच्या पॅरिसमध्ये जाऊन पोचलो, आणि तिथे मला भेटला वीस वर्षांचा एक कॉलेजविद्यार्थी.

त्याचे नाव फ्रेदेरिक ओझानाम. जन्म २३ एप्रिल १८१३ चा, मिलानमधला; पण घराणे फ्रेंच, आणि वाढला तो लिऑं शहरात. वडील डॉक्टर. मुलगा अभ्यासात हुशार, प्रकृतीने किडकिडीत आणि स्वभावाने भित्रा म्हणावा इतका संकोची. सोळाव्या वर्षाच्या आसपास या मुलाच्या मनात देवाधर्माविषयी शंकांचे काहूर उठले. मी जे मानतो ते का मानतो? वडील मानतात म्हणून? हा प्रश्न त्या वयात ज्याला पडत नाही त्याची काळजी करावी असे माझे मत आहे. ओझानामचे भाग्य असे, की त्याला फादर न्वारो नावाचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक लाभले. त्यांनी त्याला दटावले नाही, उपदेशही पाजला नाही. ते त्याला घेऊन शहराबाहेर लांबलांब फिरायला जात आणि त्याला बोलू देत. पुढे वाद घालायला बसलेल्या ओझानामने समोरच्याला कधी शत्रू मानले नाही, त्याचे मूळ मला या फिरण्यात दिसते. जो स्वतः शंकेच्या रात्री जागला आहे त्याला दुसऱ्याच्या शंकेचा राग येत नाही.

१८३१ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो कायदा शिकायला पॅरिसला आला. तो काळ कॅथलिक मुलाला त्या शहरात यायला मोठा वाईट होता. १८३० ची क्रांती नुकतीच होऊन गेलेली. जुना राजा आणि चर्च यांची इतकी गट्टी होती, की राजा पळाल्यावर लोकांचा राग चर्चवर निघाला. १८३१ च्या फेब्रुवारीत जमावाने आर्चबिशपचा वाडाच लुटला. धर्मगुरू झगा घालून रस्त्यावर यायला कचरत. विद्यापीठात तर श्रद्धा ही मागासलेल्यांची बाब ठरून गेली होती. वर्गात कुणी देवाचे नाव काढले की बाकांवरून खसखस पिकायची. आज आपल्या कॉलेजात कुणी लांब शेंडी ठेवून आला तर जे होईल तेच.

नशिबाने त्याला राहायला जागा मात्र अशी मिळाली की हेवा वाटावा. लिऑंकडचेच एक वृद्ध शास्त्रज्ञ पॅरिसमध्ये राहत होते. त्यांच्या मुलाची खोली रिकामी होती, ती त्यांनी या पोराला दिली. हे गृहस्थ म्हणजे अँपिअर. विजेचा प्रवाह आज आपण ज्यांच्या नावाने मोजतो तेच. विज्ञानाने देव निकालात काढला असे बाहेर जो तो सांगत होता, आणि घरी आल्यावर ओझानामला दिसे की त्या काळातला एक अव्वल वैज्ञानिक रोज मनोभावे प्रार्थना करतो. एके दिवशी मनाने फार खचलेला ओझानाम एका चर्चमध्ये शिरला, तर एका कोपऱ्यात अँपिअर गुडघे टेकून जपमाळ ओढताना दिसले, अशी आख्यायिका सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्या घरात त्याला जे मिळाले ते कोणत्याही पुस्तकात नव्हते.

आता ही मुले करीत काय होती? आरंभ झाला तो वर्गातच. सॉर्बोनमध्ये झुफ्र्वा नावाचे तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक होते. ईश्वरी साक्षात्कार ही गोष्ट संभवतच नाही, असे ते व्याख्यानातून प्रतिपादन करीत. १८३२ मध्ये ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी आरडाओरडा न करता त्यांना लेखी हरकत पाठवली. तिला पुरते उत्तर मिळेना, म्हणून अधिक सह्या घेऊन दुसरी पाठवली. अखेर प्राध्यापकांना ते पत्र भरल्या वर्गात वाचावे लागले, आणि वर्गात वेगळ्या मताचे लोकही बसतात हे मान्य करून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. मला यात मुलांइतकेच त्या प्राध्यापकाचे कौतुक वाटते. विद्यार्थ्याचे पत्र वर्गात वाचून दाखवायला केवढी छाती लागते, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

पण वर्गात हरकत घेणे वेगळे आणि समोरासमोर बसून बोलणे वेगळे. त्यासाठी जागा हवी. ती दिली एमान्युएल बायी नावाच्या चाळिशीकडे झुकलेल्या गृहस्थांनी. हे एका कॅथलिक वृत्तपत्राचे चालक. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृह चालवले होते, वाचनाच्या आणि व्याख्यानांच्या सोयी केल्या होत्या. त्यांच्या आश्रयाने मुलांची एक चर्चासभा भरू लागली. तिचे नाव 'इतिहासाची कॉन्फरन्स'. इथे आमचा शब्द भेटला! फ्रेंचमध्ये कॉन्फरन्स म्हणजे जमून केलेली चर्चा, व्याख्यान, वाद. बिल्ला नाही, कूपन नाही.

या सभेचा एक नियम मला फार आवडला. राजकारण सोडून इतिहास, तत्त्वज्ञान, वाङ्मय यातला कोणताही विषय घ्यावा, आणि कोणत्याही मताच्या माणसाने यावे. केवळ कॅथलिकांनी कॅथलिकांपुढे बोलून टाळ्या घ्यायच्या, असा तो मामला नव्हता. व्होल्तेरचे भक्त येत, देव न मानणारे येत, आणि सेंट सायमनचे अनुयायीही येत.

या शेवटच्या मंडळींविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण कथेची कळ त्यांच्याच हातात आहे. जन्माने मिळणारे हक्क नष्ट व्हावेत, उद्योगधंद्यांची मांडणी सर्वांत गरीब वर्गाच्या हितासाठी व्हावी, असे सांगणारा हा पंथ. तरुणांना त्याची भुरळ पडली होती. १८३२ मध्ये यातले काही जण पॅरिसच्या वेशीवर एका घरात आश्रम करून राहिले. त्यांच्या गणवेशातल्या बंडीची बटणे पाठीवर असत. स्वतःची बंडी स्वतःला घालता येऊ नये, शेजाऱ्याने बटणे लावून द्यावीत, म्हणजे माणूस माणसावर अवलंबून आहे याची रोज सकाळी आठवण! पॅरिसकरांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. मला मात्र त्या बटणांमागची कल्पना अगदीच टाकाऊ वाटत नाही. ओझानामने तर अठराव्या वर्षीच या पंथाच्या मतांचे खंडन करणारी पुस्तिका लिहून ठेवली होती. म्हणजे दोन्ही बाजू तयारीच्या होत्या.

वाद रंगत. ओझानाम इतिहासातून दाखले काढी. रोमन साम्राज्य कोसळल्यावर ज्ञान कोणी जपले? रानटी टोळ्यांना माणसात कोणी आणले? गुलाम, अनाथ, कुष्ठरोगी यांची वास्तपुस्त कोणी केली? दाखले बिनतोड असत. आणि मग एका संध्याकाळी समोरून एक जण उठला आणि त्याने एवढेच म्हटले, की गतकाळात तुमच्या धर्माने मोठी कामे केली हे आम्हाला मान्य आहे. पण आज काय? तुम्ही, जे इथे बसून स्वतःला कॅथलिक म्हणवता, ते तुम्ही काय करता? दाखवा!

ओझानामपाशी उत्तर नव्हते.

इथे मला थोडे स्वतःविषयी लिहावे लागते. आमच्या कॉलेजात मीही काही वर्षे एक चर्चामंडळ चालवले. शुक्रवारी चार वाजता. पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, शेवटच्या वर्षी खुर्च्यांवर दप्तरे ठेवायला जागा झाली. विषय मात्र सगळे भारदस्त. साहित्य आणि समाज, धर्म आणि विवेक, संतांचा मानवतावाद. एकदा तुकारामांवर चर्चा चालली होती. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडत नसे, ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे झाल्यावर काय करायचं?" मी म्हटले, "विचार करायचा." मुले हसली, मीही हसलो, मुलगी खाली बसली. पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. वर्षअखेरीस मंडळही बंद पडले. मंडळ बंद पडायला त्या मुलीचा प्रश्न कारण झाला असे मी म्हणत नाही. माझे उत्तर कारण झाले असेल. ओझानामची कथा वाचताना त्या संध्याकाळपाशी आलो आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

ती मुले त्या रात्री घरी जाताना काय बोलली असतील? ओझानाम आणि त्याचा मित्र ल ताय्याँदिये यांनी आपल्या खोलीत उरलेले सरपण उचलून एका गरिबाच्या घरी नेऊन टाकले, अशी हकीगत सांगतात. हा ल ताय्याँदिये मला फार खरा वाटतो. त्याला वादाचा मनापासून कंटाळा आला होता. निव्वळ बोलण्यापेक्षा गरिबांसाठी काही करणारी आपली एक बैठक असावी, असे त्याने बोलूनही दाखवले होते.

२३ एप्रिल १८३३, मंगळवार. ओझानामला त्या दिवशी विसावे वर्ष पुरे झाले. रात्री आठ वाजता बायींच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण जमले. सहा विद्यार्थी आणि सातवे बायी. ओझानाम, ल ताय्याँदिये, लामाश, लाल्ये, क्लावे, दव्हो अशी त्या मुलांची नावे. बायींना अध्यक्ष केले. ठरले ते थोडक्यात असे : गरिबाला आपल्याकडे बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे. दर आठवड्याला जमायचे. निघण्यापूर्वी टोपी फिरवायची आणि ज्याने त्याने कुणाला न दिसेल असे काय ते टाकायचे. खिसा फाटका असलेल्या विद्यार्थ्याला खाली मान घालावी लागू नये म्हणून ही तजवीज.

पण घरे कोणती? त्या मुलांना गरीब माणूस माहीतच नव्हता. वादात गरिबांचे नाव घेणे निराळे आणि त्यांचा पत्ता ठाऊक असणे निराळे. म्हणून ती गेली मुफ्तार मोहल्ल्यात. पॅरिसचा हा भाग म्हणजे चिंध्या गोळा करणारे, कातडे कमावणारे, दारू आणि दुर्गंधी. आदल्याच वर्षी पटकीची साथ आली होती आणि साऱ्या पॅरिसात अठरा हजारांवर माणसे दगावली होती. या मोहल्ल्यात सिस्टर रोझाली नावाची एक सेवाव्रती जोगीण तीसएक वर्षे राहत होती. गल्लीबोळातले प्रत्येक दार तिला ठाऊक. तिने मुलांना कुटुंबांची यादी दिली आणि उसन्या पावाच्या व मांसाच्या चिठ्ठ्या दिल्या. शिवाय कसे जायचे तेही शिकवले. आधी बसा, ऐका. आरोग्याच्या आणि स्वच्छतेच्या उपदेशाची घाई करू नका. माणूस दरिद्री झाला म्हणजे मूर्ख झाला असे समजू नका. सॉर्बोनमध्ये न शिकवला जाणारा हा विषय मुले तिच्याकडे शिकली. २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला 'धन्यवादित' म्हणून जाहीर केले. ओझानामला तो मान त्यांनीच १९९७ साली दिला होता, तोही पॅरिसमध्ये, जगभरच्या तरुणांच्या मेळाव्याच्या वेळी.

या नव्या बैठकीला नाव काय द्यायचे? फार डोके चालवले नाही. आधीची इतिहासाची कॉन्फरन्स होती, ही सेवेची कॉन्फरन्स झाली. पुढे तिचा पसारा वाढला आणि सतराव्या शतकात गरिबांसाठी आयुष्य वेचलेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे नाव संस्थेला मिळाले. १८३४ च्या अखेरीला सभासद शंभरावर गेले तेव्हा एका खोलीत मावेनात. वेगवेगळ्या शाखा कराव्यात की नाही यावर या जिवलग मित्रांत एवढा वाद झाला की डोळ्यांत पाणी येण्यापर्यंत पाळी आली. शेवटी शाखा झाल्या, आणि प्रत्येक शाखेचे नाव कॉन्फरन्सच राहिले. आज दीडशेच्या आसपास देशांत ही संस्था आहे. मुंबई आणि वसईच्या चर्चांतूनही तिच्या कॉन्फरन्स चालतात. माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडचा शब्द असा एका हरलेल्या वादाचे नाव घेऊन इथवर आला.

मात्र चर्चा सोडून मुले कामाला लागली, असे कुणी म्हणेल तर ते अर्धसत्य होईल. ओझानामने बोलणे सोडले नाही. तरुणांच्या शंका ऐकून घेऊन त्यांच्या भाषेत उत्तर देणारी व्याख्याने नोत्र दामच्या महामंदिरात व्हावीत, म्हणून तो मित्रांना घेऊन सह्यांचे अर्ज करीत आर्चबिशपकडे दोनदा गेला. अखेर १८३५ च्या प्रायश्चित्तकाळात तिथे फादर लाकोर्देर उभे राहिले. ज्या विद्यापीठात देवाच्या नावाला हसत, तिथलीच पोरे त्यांना ऐकायला लोटली. त्या व्याख्यानांनाही नाव कॉन्फरन्सच!

पुढे तो स्वतः सॉर्बोनमध्ये परकीय वाङ्मयाचा प्राध्यापक झाला. दान्ते हा त्याचा जन्माचा विषय. त्यापूर्वी लिऑंमध्ये व्यापारी कायदा शिकवताना त्याने मजुराला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे हे सांगितले होते. खरा झगडा राज्य कोणाचे असावे याचा नसून ज्यांच्यापाशी फार आहे आणि ज्यांच्यापाशी काहीच नाही त्यांच्यातला आहे, हे त्याने १८३६ सालीच मित्राला पत्रात कळवले होते. पावाच्या चिठ्ठीने दारिद्र्याचा प्रश्न सुटतो असा त्याचा भाबडा समज नव्हता. चिठ्ठी नेऊन देताना जे डोळ्यांनी पाहिले त्यातून त्याचे हे मत झाले. १८४८ मध्ये त्याने लाकोर्देरांबरोबर एक वृत्तपत्र काढले आणि सुस्थितीतल्या धर्मबांधवांना कामकऱ्यांची बाजू घ्यायला सांगितले. जूनमध्ये रस्त्यावर रक्त सांडू लागले, तेव्हा तो आणि बायी एका स्नेह्यासह आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले आणि त्यांनी मध्यस्थी करावी असे विनवले. आर्चबिशप गेले. मोर्चेबंदीपाशी त्यांना गोळी लागली आणि २७ जूनला ते वारले. बोलण्याने भांडण मिटेल या विश्वासाची अशीही किंमत पडते. वृत्तपत्र लवकरच बंद पडले. कामकऱ्यांची बाजू घेणारा प्राध्यापक आपल्याच लोकांना नकोसा झाला.

प्रकृतीने त्याला आयुष्यभर छळले. १८५२ मध्ये तो तापाने पडून असताना व्याख्यान होत नाही म्हणून विद्यार्थी कुरकुरू लागले. ते कळताच डॉक्टरांचे न ऐकता तो उठला, वर्गात गेला आणि बोलला. ते त्याचे अखेरचे व्याख्यान. ८ सप्टेंबर १८५३ रोजी तो मार्सेय शहरात वारला, ज्या शहरात सतरा वर्षांपूर्वी अँपिअरही वारले होते. वय चाळीस. मी हा मजकूर लिहितो आहे तो त्याहून अधिक वय झाल्यावर, आणि दमा वाढला म्हणून गेल्या आठवड्यात दोन तास बुडवल्यावर.

कॅथलिक विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळांचा इतिहास इथे संपत नाही. अमेरिकेत १८९३ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात न्यूमन क्लब निघाला, इटलीत १८९६ मध्ये विद्यापीठीय कॅथलिकांचा महासंघ झाला, आपल्याकडेही १९२४ पासून अखिल भारतीय संघटना आहे. इटलीतल्या महासंघाला १९२५ ते १९३३ या काळात मोन्तिनी नावाचे एक तरुण धर्मगुरू मार्गदर्शक होते. मुसोलिनीच्या राजवटीत विद्यार्थ्यांना स्वतंत्र विचार करायला शिकवणे सोपे नव्हते. हेच मोन्तिनी पुढे पोप पॉल सहावे झाले आणि १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला येऊन गेले. त्यांना पाहायला लोटलेली गर्दी आठवणारी माणसे अजून आहेत. या सगळ्या मंडळांतून पुष्कळ चांगले निघाले असेल. पण माझे मन राहून राहून त्या पहिल्या सभेकडे जाते, कारण तिथे विरोधक आत बसलेला होता. आपल्या-आपल्यात चर्चा केली असती तर तो प्रश्न कुणी विचारलाच नसता. नव्या बैठकीत मात्र समविचारीच जमले, समोरचा बाक रिकामा राहिला, याची मला थोडी चुटपुट लागते. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांनी अशीच एक साहित्य-विज्ञान सभा काढली आणि निबंध वाचता वाचता पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. त्यांनाही कुणीतरी "मग तुम्ही काय करता?" असे विचारले असणार असे मला आपले वाटते.

* * *

गेल्या पावसाळ्यात मी त्या मुलाला म्हटले, "अरे, मला एकदा तुमच्या कॉन्फरन्सला यायचं आहे. चालेल का?" तो जरा बावरला. "चालेल, सर. पण चालावं लागेल पुष्कळ."

चाललो. बरोबर तो आणि त्याच्याच वयाची एक मुलगी. केळीच्या वाडीमागे पत्र्याची एक खोली होती. आत एक म्हातारी. ती ख्रिस्ती नव्हती, भिंतीवर गणपती होता. हे लोक घर पाहतात, भिंत पाहत नाहीत. मुलाने पिशवी पुढे केली तशी ती म्हणाली, "ठेव तिथं. आधी बस बघू. मागल्या खेपेला तुझ्या बहिणीच्या सोयरिकीचं अर्धंच सांगून पळालास." मग अर्धा तास सोयरीक चालली. मी कोण हे तिने विचारले. मास्तर आहे म्हटल्यावर तिने माझ्याकडे किंचित कणवेने पाहिले आणि मलाही बसायला पाट दिला. साखरेच्या पिशवीकडे आम्ही उठेपर्यंत तिने पाहिलेसुद्धा नाही.

परत आल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत सहा जण होते. पंखा कुरकुरत होता. प्रार्थना झाली, मागचा अहवाल वाचला आणि मग बरोबर आलेली ती मुलगी एकदम तापली. "आपण किती वर्षं साखर देणार? तिचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तीन महिने पडलाय. एक कागद कमी आहे म्हणून. तो कागद आणायला कुणी गेलं का?" मुलगा म्हणाला, "तिला पैशांपेक्षा कुणीतरी यायला हवंय." मुलगी म्हणाली, "हे तू ठरवणार का?" वाद जुंपला. दुसऱ्या दोघांनी त्यात तोंड घातले. एक जण म्हणाला की कचेरीत खेटे घालणे हे आपले काम नाही. त्यावर तिने विचारले, मग कोणाचे? खोलीतले वडीलधारे गृहस्थ मध्ये पडतील असे मला वाटले होते. ते पडले नाहीत. हाताची घडी घालून ऐकत राहिले. अखेर सोमवारी दोघांनी तलाठ्याकडे जायचे ठरले, आणि साखरही बंद करायची नाही असे ठरले.

उठण्यापूर्वी एक काळी कापडी पिशवी फिरू लागली. तोंड चुण्या घालून आवळलेले, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढे. प्रत्येकाने मूठ मिटून हात आत घालायचा आणि उघडून बाहेर काढायचा. माझ्यापाशी आली तेव्हा मुलगा घाईघाईने म्हणाला, "सर, तुम्ही पाहुणे. तुम्ही नाही घातलात तरी चालेल."

मी हात घातला. काय टाकले ते सांगायचे नाही, असा १८३३ पासूनचा नियम आहे.